मंत्रजपात मन भरकटते तेव्हा काय करावे

मंत्रजपाला बसले की मन भरकटते, ही तक्रार जपाइतकीच जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे. श्रीकृष्ण त्याचे म्हणणे खोडून काढत नाहीत, अभ्यास आणि वैराग्य यांनी ते साधते एवढेच सांगतात. त्याच अध्यायातील त्याआधीची सूचना तर आणखी व्यवहारी आहे: चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावे. मन जाणारच, हे या सूचनेत गृहीतच धरलेले आहे. तेव्हा निर्विचार होण्याची अट घालून जपाला बसू नये. मनाला परत आणायचे कसे, एवढेच शिकायचे असते, आणि त्यातच बहुतेकांची गल्लत होते.

मन भरकटून परत येते त्यात नेमके काय घडते, हे आधी पाहू. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अनुभवी ध्यानसाधकांना श्वासावर लक्ष ठेवण्यास सांगितले होते आणि मन भरकटल्याचे लक्षात येताच एक बटण दाबायचे होते. त्यावरून त्यांनी चार टप्पे मांडले: मन भरकटणे, ते लक्षात येणे, लक्ष वळवणे आणि लक्ष टिकणे. श्वासाच्या जागी मंत्र ठेवला तरी क्रम तोच राहतो. यातील पहिला टप्पा आपल्या हातात नाही. दुसराही हुकमी नाही, कारण भान येते ते आपसूकच येते. हातात आहे तो तिसरा टप्पा. साधकाचा सारा प्रयत्न मात्र बहुधा पहिल्या टप्प्यावर, म्हणजे विचार येऊच नयेत यासाठी, खर्ची पडतो आणि तो वाया जातो.

तिसरा टप्पा जरा जवळून पाहू. समजा, ‘ॐ नमः शिवाय’ असा मानसिक जप चालू आहे. ‘नमः’पाशी एका न दिलेल्या उत्तराची आठवण येते, ‘शिवाय’ म्हणेपर्यंत त्या उत्तराचे पहिले वाक्य मनात जुळू लागते आणि तिसऱ्या वाक्याला अचानक लक्षात येते की मंत्र केव्हाच सुटला आहे. या क्षणी तीन मोह होतात. अर्धे राहिलेले वाक्य तेवढे पूर्ण करून टाकावे, हा पहिला. हा विचार मुळात आला कुठून याचा माग काढावा, हा दुसरा. आणि ‘आजही जमले नाही’ म्हणून स्वतःला बोल लावावा, हा तिसरा. तिन्ही टाळावेत, कारण तिन्ही म्हणजे पुन्हा विचारच आहेत. तिसरा तर साधनेचा वेश घेऊन येतो म्हणून अधिक फसवा. वाक्य जिथे तुटले तिथेच सोडून द्यावे, कपाळाला आठी पडली असल्यास ती सैल करावी आणि पुढच्या श्वासाबरोबर मंत्राचे पहिले अक्षर उच्चारावे. माळेवर जप करत असल्यास मणी मागे घेऊ नये आणि माळ पहिल्यापासून सुरू करू नये. लक्ष सुटले तर माळ पुन्हा आरंभापासून ओढावी, असे काही जण सांगतात. माझ्या मते त्याने जपाचा हिशेब होतो, जप होत नाही.

याहून चकवा देणारा प्रकार म्हणजे मंत्र चालूच राहतो आणि मन मात्र दुसरीकडे असते. बोटे मणी सरकवत राहतात, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, येतो तेव्हा १०८ ची माळ पूर्ण झाल्याचे कळते आणि त्यातले एकही आवर्तन नीट आठवत नाही. सवयीचा झालेला मंत्र लक्षाशिवायही चालतो, त्यामुळे इथे भरकटल्याचे भान उशिरा येते. उपाय गतीत आहे. मंत्र थोडा संथ करावा, प्रत्येक आवर्तनाचे शेवटचे अक्षर पूर्ण विरू द्यावे आणि पुढचे आवर्तन सुरू होण्याआधीची किंचित शांतता लक्षात घ्यावी. लक्ष सुटते ते बहुधा याच सांध्यात, म्हणून पहारा तिथे हवा. मंत्राच्या अर्थाकडे वळणेही उपयोगी पडते. योगसूत्रांत पतंजलींनी जपाबरोबर अर्थाची भावना, म्हणजे अर्थ मनात धरून ठेवणे, सांगितली आहे ती उगाच नव्हे. मात्र अर्थावर चिंतन करत बसू नये, नाहीतर त्याचेच प्रवचन मनात सुरू होते.

वाचिक (स्पष्ट आवाजातला), उपांशु (केवळ ओठ हलवून केलेला) आणि मानस (मनातल्या मनातला) असे जपाचे तीन प्रकार परंपरेने सांगितले आहेत. मनुस्मृतीत मानस जप सर्वश्रेष्ठ मानला आहे आणि त्यामुळे नवखा साधक पहिल्या दिवसापासून मानस जपाचाच आग्रह धरतो. वस्तुतः मन फार अस्वस्थ असताना तोच सर्वांत कठीण जातो, कारण विचार आणि मंत्र दोन्ही एकाच निःशब्द जागी चालतात. अशा वेळी खालच्या पायरीवर येण्यात काहीच कमीपणा नाही. काही मिनिटे स्पष्ट आवाजात, मग केवळ ओठ हलतील इतक्या हळू आणि त्यानंतर मनात, असे पायरी पायरीने जावे. पुन्हा फार ओढाताण झाली तर पुन्हा ओठांवर यावे.

भरकटणे सगळे एका जातीचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. मांडूक्य उपनिषदावरील मांडूक्यकारिकेत अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांनी दोन अवस्था वेगळ्या काढल्या आहेत: मन लयात, म्हणजे झोपेच्या गुंगीत, गेले तर त्याला जागे करावे आणि विक्षिप्त, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले, झाले तर शांत करावे. दोन्हींवर एकच उपाय केला तर उलट परिणाम होतो. मान खाली झुकू लागली, मंत्राची अक्षरे एकमेकांत मिसळू लागली, तर ती गुंगी आहे. पाठ सरळ करावी, डोळे अर्धवट उघडावेत, जप ओठांवर आणावा. विचार भराभर धावत असतील आणि जबडा आवळला गेला असेल, तर उच्छ्वास लांबवावा आणि मंत्र त्यावर सैलपणे सोडावा.

कामांची यादी जपात आड येत असेल तर बसण्यापूर्वीच ती कागदावर उतरवावी. जपाच्या मध्येच सुचलेली नामी कल्पना टिपून ठेवण्यासाठी मात्र उठू नये. एकदा उठले की मनाला ती वाट सापडते. घड्याळाकडे डोळे उघडून पाहण्यापेक्षा सौम्य गजर लावावा. ‘आज किती छान लागले आहे’ हाही विचारच आहे आणि त्यालाही तीच वागणूक द्यावी.

अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हावा, असे योगसूत्रांत म्हटले आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे बसणे बरे, आणि मन लागत नाही म्हणून दर महिन्याला मंत्र बदलणे तर अगदीच निरुपयोगी. जपाच्या वेळी एखादी वेदनादायक आठवण वारंवार उसळून येत असेल किंवा भीती वाढत असेल, तर जोर लावून बसून राहू नये. डोळे उघडावेत, त्या दिवसापुरता जप थांबवावा आणि त्रास टिकून राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. एरवी बैठक संपताना मंत्र थांबवून एक-दोन मिनिटे तसेच बसावे आणि मगच उठावे, कारण गजर वाजताच ताडकन उठणारा साधक पुढच्या बैठकीत त्या गजराचीच वाट पाहू लागतो.