डिफेन्सिव्ह एंडला मार्क द्यायला बसणाऱ्यांसाठी: माझे सहा महिने जिथे गेले ती चूक

सीझन सुरू व्हायच्या आधी दरवर्षी दोन-तीन जणांचे मेसेज येतात, ताई मी स्टॅट्समध्ये एमएस करतोय, अमेरिकन फुटबॉलच्या डेटावर काम करायचंय, पास रशपासून (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणं) सुरुवात करू का. करा, नक्की करा. पण मी जिथे सहा महिने घालवले तिथे तुम्ही घालवू नका म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतेय. डाऊन म्हणजे काय, पॉकेट कशाला म्हणतात, टॅकल कुठे उभा राहतो आणि गार्ड कुठे, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी चार मॅच बघा. पूर्ण मॅच, हायलाइट्स नाही.

मी अमेरिकेत आले २०२२ मध्ये. त्या वर्षी एनएफएलच्या बिग डेटा बोल या डेटा स्पर्धेचा विषय नेमका लाइनमनचा होता, म्हणजे पासच्या प्लेमध्ये ब्लॉक करणारे आणि रश करणारे. २०२१ च्या सीझनच्या पहिल्या आठ आठवड्यांचा डेटा, प्रत्येक खेळाडू मैदानावर कुठे आहे त्याची सेकंदाला दहा वेळा नोंद, वेग, दिशा, सगळं फुकट. मला वाटलं हेच आपलं दार. मी प्रत्येक डिफेन्सिव्ह एंडसाठी (डिफेन्सच्या लाइनच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) दोन आकडे काढले, तो क्वार्टरबॅकच्या जास्तीत जास्त किती जवळ गेला आणि जाताना त्याचा वेग किती होता. दोन्ही मिळून एक स्कोअर. चार्ट देखणे झाले, नंबर काही लागला नाही, तरी मला आपलं बरोबरच वाटत होतं. पुढच्या सेमिस्टरला एका कॉलेज टीमच्या व्हिडिओ रूममध्ये फिल्म चार्ट करायला मिळालं तेव्हा मी त्यांच्या प्लेयर्सनाही साधारण तसेच मार्क द्यायला लागले, डोळ्याने. डिफेन्सिव्ह लाइनच्या कोचने माझी शीट बघितली आणि एकच प्रश्न विचारला, यातल्या किती प्लेमध्ये क्वार्टरबॅकला त्याची जागा सोडावी लागली? मला उत्तर देता आलं नाही कारण मी क्वार्टरबॅककडे बघितलंच नव्हतं.

आता ही चूक सावकाश सांगते, कंटाळा आला तरी वाचा, कारण डेटामध्ये ती चूक दिसतच नाही, उलट ती यशासारखी दिसते.

शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक स्नॅपच्या वेळी (बॉल त्याच्याकडे मागे दिला जातो तेव्हा) साधारण पाच यार्ड मागे असतो, तिथून अजून दोन-तीन पावलं मागे जातो, म्हणजे थ्रो करायला उभा राहतो तो सात-आठ यार्डांवर. एंड समोरच्या टीमच्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकला वाचवणारा बाहेरचा लाइनमन) बाहेरच्या खांद्यावर उभा असतो, वाइड नाइन असेल तर अजून बाहेर, आणि तिथून तो गोल वळण घेत आत यायला बघतो. टॅकलला त्याला थांबवायचं नसतंच, ही गोष्ट मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला! टॅकलला फक्त ते वळण मोठं करायचं असतं. एंड सात यार्ड खोल गेला आणि अजून वळला नसेल तर टॅकल त्याच्या बरगडीवर हात ठेवतो आणि तो ज्या दिशेने पळतोय त्याच दिशेने त्याला अजून पुढे ढकलून देतो. एंड जातो दहा यार्डांवर, क्वार्टरबॅकच्या पाठीमागे. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकतो, समोर मोकळं असतं, बॉल जातो. आता हाच प्ले माझ्या फॉर्म्युलात घाला. एंडचा वेग भरपूर, कारण त्याला कोणी अडवलंच नाही. क्वार्टरबॅकपासून कमीत कमी अंतर दीड यार्ड, कारण तो मागून इतक्या जवळून गेला. स्कोअर एकदम वर. आणि दुसरा एंड, जो सहा यार्डांवर सरळ टॅकलच्या छातीत घुसला आणि त्याला एकेक पाऊल मागे रेटत क्वार्टरबॅकच्या पायापर्यंत नेऊन ठेवला, त्याचा वेग कमी, अंतर अडीच यार्ड, मध्ये टॅकल. स्कोअर खाली. पण त्या प्लेमध्ये क्वार्टरबॅकला पुढचा पाय टाकायला जागा नव्हती आणि त्याचा थ्रो रिसीव्हरच्या डोक्यावरून गेला. मी हरलेल्याला जिंकलेला लिहीत होते आणि जिंकलेल्याला हरलेला, एकदा-दोनदा नाही, रोज.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. मी शाळेत असताना सांगलीत कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. सर पहिल्या दिवसापासून ओरडून सांगायचे की कोपऱ्याने एकट्याने उडी घेतली आणि शेजारचा जागेवर नसला की चढाईवाली त्याच फटीतून मध्यरेषेकडे जाते. हे मला अंगाने माहीत होतं, गुडघ्यावर खुणा आहेत. आणि तरी समोर आकडे आले तेव्हा मी एका खेळाडूला बाकीच्या मैदानापासून तोडून मोजत बसले. एंडही कोपराच आहे. तो बाहेरचा रस्ता बंद करतो, पण क्वार्टरबॅक पुढे येऊ शकतो की नाही ते एंडच्याच टीमच्या आतल्या डिफेन्सिव्ह टॅकलवर अवलंबून असतं, म्हणून एंडचा मार्क लिहिताना आतली लाइन कुठपर्यंत सरकली हे बघितल्याशिवाय लिहू नका.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स १८-०, सीझनमध्ये ५८९ पॉइंट्स, समोर न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्सने १७-१४ ने जिंकली, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पाच सॅक (बॉल फेकायच्या आधीच त्याला पाडणं). सगळे म्हणतात जायंट्सचे एंड भारी होते, स्ट्रेहॅन, उमेन्योरा, टक. होतेच. पण नीट बघा टक कुठून येतोय. पासच्या डाऊनला तो बऱ्याचदा आतून, गार्डवर रश करतोय, दोन सॅक आणि बॉल हातातून पाडायला लावलेला एक फंबल त्याच्या नावावर आहे. ब्रेडीची खरी ताकद म्हणजे बाहेरून एंड आला की एक पाऊल पुढे सरकून थ्रो करणं, आणि जायंट्सनी ती पावलाची जागाच काढून घेतली, तीही बऱ्याचदा चारच माणसांनी, म्हणजे सात जण कव्हरेजला (रिसीव्हरवर पहारा द्यायला) मोकळे. मी ती मॅच आता कितीतरी वेळा बघितली आहे, आणि दर वेळी आधी ब्रेडीच्या पुढच्या पायाकडे बघते.

आणि उलट बाजूचं उदाहरण पण बघा. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी रेग्युलर सीझनमध्ये ७० सॅक केले, चार जणांचे प्रत्येकी दहाच्या वर. सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सवर शून्य. घोटा दुखावलेला असताना शेवटी शेवटी तो पॉकेटमधून निघून २६ यार्ड पळाला, चीफ्स ३८-३५. मैदान निसरडं होतं हे खरं आहे, पळणाऱ्या एंडला पाय रोवता आले नाहीत हेही खरं, पण सीझनच्या सॅकच्या बेरजेवरून त्या रात्रीचा अंदाज बांधणारे सगळे चुकले, आणि त्यात मी होते.

म्हणून सॅक मोजायचेच नाहीत असं नाही, पण एकट्या सॅकवर मत बनवू नका. नियमित खेळणाऱ्या एंडला सीझनभरात चारेकशे रश मिळतात, दहा-बारा सॅक झाले तरी त्याचं नाव होतं, म्हणजे बाकीच्या पावणेचारशेपेक्षा जास्त रशबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही आहात. त्यात काही सॅक कव्हरेजचे असतात, रिसीव्हर कोणीच मोकळा नाही म्हणून क्वार्टरबॅक बॉल धरून उभा आणि चौथ्या सेकंदाला कोणीतरी पोहोचतो. बिग डेटा बोलच्या त्या डेटात माणसांनी फिल्म बघून भरलेले हिट आणि हरी (म्हणजे थ्रो घाईने करायला लावणं) असे कॉलम होते, मी ते वापरले नाहीत कारण मला वाटलं माणसाच्या डोळ्यापेक्षा माझं अंतर जास्त खरं. ते वापरा! आणि अजून एक, फक्त डीई (डिफेन्सिव्ह एंड) असं फिल्टर लावून बसू नका, थ्री-फोर (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) खेळणाऱ्या टीममध्ये तेच काम करणारा माणूस आउटसाइड लाइनबॅकर म्हणून लिहिलेला असतो. टी. जे. वॉटने २०२१ मध्ये २२.५ सॅक करून स्ट्रेहॅनच्या २००१ च्या आकड्याची बरोबरी केली, आणि डीईचं फिल्टर लावलं तर तो तुमच्या टेबलात येतच नाही. जुन्या खेळाडूंशी तुलना करायची असेल तर सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात १९८२ पासूनची, जुन्या काळचा एंड डीकन जोन्स याचं अख्खं करिअर त्याच्या आधीचं आहे, हे विसरू नका.

मूव्ह्ज शिकायच्या का? शिका, पण नावं पाठ करून काही होत नाही. मी रिप, स्वाइप, बुल रश, लाँग आर्म अशी यादी भिंतीवर चिकटवली होती आणि फिल्ममध्ये ओळखता एकही येत नव्हती. मग फ्रीनीचा स्पिन बघितला आणि डोक्यात उजेड पडला. ड्वाइट फ्रीनी सहा फूट एक इंच, एंडसाठी उंची कमी, पण बाहेरून इतका वेगात यायचा की टॅकल घाईने मागे-मागे पळत बाहेर झुकायचा, आणि बरोबर त्या क्षणी हा आतल्या बाजूला गिरकी घेऊन समोर. रेजी व्हाइट या अजून एका एंडचं पण मूळ तेच, टॅकल बाहेरच्या बाजूला वजन टाकतोय असं दिसलं की आतल्या हाताने त्याला उचलून बाजूला. म्हणजे मी वर सांगितलेल्या खड्ड्यावरचा उपाय त्यांच्याकडे तयार होता, फार खोल गेलो तर आत परत यायचं कसं. मूव्ह अशी बघा, एंड किती खोल होता आणि टॅकलचं वजन कुठे होतं, मग नाव आपोआप लक्षात राहतं.

क्विक पासवर एंडला शून्य देऊ नका, बॉल दोन सेकंदांच्या आत गेला तर जगातला कोणीही पोहोचत नाही. तिथे हात वर गेले का ते बघा. जे. जे. वॉटने २०१२ मध्ये २०.५ सॅक केले त्याच सीझनला १६ पास हाताने अडवले. तसंच पळणारा क्वार्टरबॅक समोर असेल तर एंडला कधीकधी मुद्दाम हळू जायला सांगितलेलं असतं, बाहेरचा रस्ता धरून राहा म्हणून, आणि त्याला तुम्ही ढिला लिहाल तर कोच तुमची शीट परत उघडणार नाही. आणि ज्या एंडवर समोरच्या टीमचे टाइट एंड आणि रनिंग बॅक दोघं धक्का देऊन जातायत त्याच्यामुळे पलीकडच्या एंडला एकास एक मिळतंय, ते कुठल्याच कॉलममध्ये येत नाही.

आता शॉर्टकटबद्दल, इथे माझी मतं कडक आहेत. सॅकचे कंपायलेशन व्हिडिओ बंद करा. त्यात फक्त जिंकलेले रश असतात, आणि एंड हरतो कसा हे बघितल्याशिवाय तो जिंकतो कसा हे कळत नाही. दुसऱ्याचं नोटबुक कॉपी करून त्यावर नवीन मॉडेल चढवणं पण बंद, मी ज्याचं बघून अंतराचा फॉर्म्युला लिहिला त्याने स्वतः फिल्म बघितली नव्हती हे मला नंतर कळलं. आणि मेंटॉर शोधताना लिंक्डइनवर मोठं टायटल असलेल्याच्या मागे लागू नका, लाइन कोचिंग केलेला कोणीही म्हातारा माणूस, हायस्कूलचा का असेना, अर्धा तास शेजारी बसला तर तो जास्त देऊन जातो. माझे ते कोच आवाज बंद करून फिल्म लावायचे, फक्त एंडझोनच्या मागचा अँगल, आणि पहिल्या तीन पावलांनंतर थांबवून विचारायचे, आता काय होणार सांग. महिनाभर मी बहुतेक चुकीचंच सांगितलं. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मला अजून भरून येतं ते आठवलं की.

घाबरू नका, खेळ लहानपणापासून बघितला नाही म्हणून कोणी बाहेर काढत नाही, मला कोणी काढलं नाही. मुलगी म्हणून त्या खोलीत पहिले काही दिवस अवघड गेले हे खरं, पण शीट बरोबर यायला लागली तसं लोक शीटबद्दलच बोलायला लागले. मात्र एक स्पष्ट सांगते, टीमकडे काम फुकट किंवा जवळजवळ फुकट सुरू होतं आणि तास प्रचंड असतात. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि वॉलंटियर म्हणून केलेलं काम कशात धरलं जातं हे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारूनच सुरू करा, टीममधला कोणी चालतं म्हणाला म्हणून नाही.

सुरुवात अशी करा. एकच एंड निवडा, एका मॅचचे त्याचे सगळे पास रश घ्या, तीस-चाळीस निघतील. प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा, बॉल हलताक्षणी तो उठला की त्याच्या आधी किंवा नंतर, टॅकलला ओलांडताना किंवा अडकताना किती यार्ड खोल होता, त्या वेळी क्वार्टरबॅक किती खोल होता, आणि क्वार्टरबॅकचा पुढचा पाय पडला कुठे. पहिल्या मॅचला चार तास जातील, तिसरीला दीड. मॉडेल तोपर्यंत नको. मला मेसेज करणार असाल तर ते टेबल पाठवा, हाताने लिहून फोटो काढलेलं असलं तरी चालेल.