निजायच्या खोलीतील झाडे: उजेड, माती आणि मांडणी

निजायच्या खोलीत झाडे ठेवायची असतील, तर आधी खोलीत उजेड कुठून आणि किती येतो ते पाहावे. झाडाची निवड त्यानंतर करावी. विदर्भातील खेड्यांत उन्हाच्या तडाख्यामुळे खिडक्या लहान ठेवतात. त्याने खोली थंड राहते, पण रोपांच्या वाट्याला उजेड कमी येतो. दुपारी दिवा न लावता जिथवर वाचता येते, तिथवर मनीप्लांट चांगला वाढतो. त्यापलीकडच्या कोपऱ्यात उभ्या, जाड पानांचा स्नेक प्लांट किंवा चकचकीत पानांचा झेडझेड प्लांट अशी झाडेच तग धरतात. तुळस आणि जास्वंद यांना थेट ऊन लागते, म्हणून त्यांना अंगणातच राहू द्यावे.

शेतातील काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कापूस पोसणारी हीच माती कुंडीत ओली असताना चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजवते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाऊन मधला गोळा कोरडाच राहतो. दोन भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग गांडूळ खत असे मिश्रण करावे. स्नेक प्लांटसाठी रेती आणखी वाढवावी. कच्चे शेण मात्र झोपण्याच्या खोलीत नकोच.

बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर चढतो आणि पानांची टोके करपतात. तिथे पावसाचे साठवलेले पाणी वापरणे उत्तम. बाटलीतल्या मनीप्लांटचे पाणी दर आठवड्याला बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटवून अंडी घालतो.

कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नये. टिनाचे छप्पर असेल, तर मे महिन्यात टांगलेली कुंडी खाली उतरवावी. घरात रांगते मूल असेल, तर मनीप्लांट उंचावरच हवा. त्याचे पान चावल्यास तोंडाची आग होते. झाडे रात्री खोलीतला प्राणवायू संपवतात ही भीती मात्र सोडून द्यावी, कारण शेजारी झोपलेला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू वापरतो.

मांडणीत दोन-तीन झाडे पुरेत, असे माझे ठाम मत आहे. निळीच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे बुरुडाच्या टोपलीत ठेवलेला, पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट जितका खुलतो, तितक्या दहा रंगीत कुंड्याही खुलत नाहीत. कोनाड्यात मनीप्लांट ठेवून त्याची वेल सुतळीने खिडकीच्या चौकटीकडे न्यावी.

वेचणीनंतर कापूस घरात साठवला की त्याचे तंतू पानांवर बसतात. ते ओल्या फडक्याने पुसावेत. पानाच्या बेचक्यातला पांढरा पुंजका फुंकरीने उडाला नाही, तर तो कापूस नसून पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड आहे, असे समजून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने तो त्याच दिवशी काढावा आणि शेजारच्या कुंड्याही तपासाव्यात.