पोटात गोळा येतो तरी विमानानेच जायचंय, त्यांच्यासाठी

पहिलं म्हणजे "अगं विमान सगळ्यात सेफ असतं, रस्त्यावर जास्त माणसं मरतात" हे वाक्य घाबरणाऱ्या माणसाला ऐकवणं बंद करा. खरं आहे ते, पण उपयोग शून्य. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अर्नोल्ड बार्नेट यांनी २०१८ ते २०२२ चा हिशेब मांडला तर जगभरात साधारण १ कोटी ३७ लाख वेळा कोणीतरी विमानात चढलं की त्यामागे एक मृत्यू, असं उत्तर आलं. आता हा आकडा तोंडपाठ असलेला माणूससुद्धा टेकऑफला घामाघूम होतोच, कारण पोटाला आकडे कळत नाहीत. त्यात १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितलेत, त्यानंतर कुठली टक्केवारी सांगणार कोणाला.

म्हणून भीती कशी घालवायची ते इथे नाहीच्चे, ती असताना जायचं कसं एवढंच आहे. "भीती गेली की मग बघू" म्हणणारे लोक वर्षानुवर्षं पुण्याहून झेलम नाहीतर गोवा एक्सप्रेसने दिल्लीला जातात आणि बंगलोरला रात्रभर स्लीपर बसमध्ये कूस बदलत बसतात. ट्रेन वाईट नाही, मला स्वतःला आवडते, पण भीतीपोटी टाळलं की काय होतं, त्या क्षणी एकदम सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू नेमकं तेच लक्षात ठेवतो, की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी मग नुसतं तिकीट बुक करायचं म्हटलं तरी धडधडतं.

तर आधी घरी बसून हे शोधा की नक्की भीती कशाची आहे, कारण "विमानाची भीती" असं सगळे म्हणतात पण प्रत्येकाची वेगळी असते. कोणाला पडेल याची, कोणाला दार बंद झालं की आता बाहेर पडता येणार नाही याची, कोणाला उंचीची, आणि बऱ्याच जणांना खरं तर विमानाची नाहीच, सगळ्यांसमोर आपल्याला काहीतरी होईल, आपण ओरडू, उलटी होईल, याची असते. यावर सीट ठरते. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आईल सीट (मधल्या वाटेकडची) घ्या आणि शक्यतो पुढची, उतरताना गर्दीत उभं राहावं लागत नाही. हलण्याची भीती असेल तर पंखांच्या आसपासच्या रांगा घ्या, तिथे कमी हलतं, शेपटीकडे सगळ्यात जास्त. उंचीवाल्यांनी खिडकी घेऊच नका, "बघ बघ ढग कसले दिसतायत" म्हणणाऱ्या भाच्याला द्या ती.

पहिलं तिकीट लहान पल्ल्याचं काढा, गोवा, हैदराबाद, नागपूर असं काहीतरी, आणि सकाळचं. दुपारी जमीन तापते आणि गरम हवा वर चढते त्यामुळे खालच्या उंचीवर जास्त हलतं, एप्रिल-मे मध्ये तर दुपारनंतर वळवाचे ढग पण जमतात. पावसाळ्यात ढगातून चढता-उतरताना हलणारच. डिसेंबर-जानेवारीची सकाळ त्या मानाने शांत, फक्त तेव्हा दिल्लीचं नका काढू, धुक्याने फ्लाइट लटकली की चार तास गेटवर बसून भीतीला खतपाणी.

मग तिकिटाच्या आधी थोडी प्रॅक्टिस. कोणाला सोडायला किंवा आणायला जायचं असेल तर मुद्दाम तुम्ही जा. पुण्याच्या विमानतळाचं, म्हणजे लोहगावचं, नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालंय, ते बाहेरून बघून घ्या, लोक बॅगा ढकलत कंटाळलेल्या चेहऱ्याने आत जाताना बघा, तो कंटाळा बघणं फार कामाचं आहे. विमाननगर, टिंगरेनगरकडे कोणी नातेवाईक असतील तर एक संध्याकाळ त्यांच्या गच्चीत काढा, एकामागून एक विमानं जातात आणि घरातलं कोणी मान वर करूनही बघत नाही. हां, मधेच एअरफोर्सचं सुखोई फायटर विमान गेलं तर दचकाल, तिथले लोकही बोलणं थांबवतात. लोहगाव मुळात एअरफोर्सचा तळ आहे ना, रनवे त्यांचाच. म्हणून कधी कधी आपलं विमान दार लावून नुसतं उभं राहतं, एअरफोर्सची उड्डाणं चालू असतात, बिघाडबिघाड काही नसतो. क्रूने खिडकीची शटर खाली घ्यायला सांगितली तरी मनात काही आणू नका, डिफेन्सच्या विमानतळांवर तसं सांगतात कधी कधी. फोटो-व्हिडिओ पण काढायचे नाहीत.

जायच्या दिवशी कॉफी नको. चहा एक कप ठीक आहे, तीन नकोत, आधीच छाती धडधडत असते त्यात भर कशाला. रिकाम्या पोटी पण जाऊ नका, दोन इडल्या नाहीतर थोडा दहीभात. आणि वेळ भरपूर ठेवा, नगर रोडला अडकून घड्याळाकडे बघत पोचलात की अर्धी पॅनिक तिथेच तयार होते. कोथरूडकडून येणाऱ्यांना मेट्रो चांगली, वनाझहून थेट रामवाडी आणि तिथून रिक्षा, फक्त पहाटेच्या फ्लाइटला मेट्रो मिळत नाही. आत चढताना क्रूला सरळ सांगायचं, "मला भीती वाटते". लाजू नका, त्यांना रोज कोणीतरी सांगतं, मधून एकदा येऊन विचारून जातात आणि तेवढ्यानेही बरं वाटतं.

आता मुख्य भाग, आवाज. माझ्या मते निम्मी भीती आवाज माहीत नसल्याने असते, त्यामुळे हे आधीच वाचून ठेवा, जमलं तर वहीत लिहून घ्या. एअरबस ए३२० असेल, आपल्याकडे बहुतेक तीच असतात, तर इंजिन सुरू करताना किंवा जमिनीवर असताना पायाखालून खर्र-खर्र, खर्र-खर्र असा विचित्र आवाज येतो, तो हायड्रॉलिक प्रेशर सांभाळणाऱ्या युनिटचा असतो. रनवेवर पळताना खडखड होते, वरचे सामानाचे कप्पे हलतात, होऊ दे. जमीन सुटली की काही सेकंदांत खालून घर्रर्र आणि धप्प, ती चाकं आत गेली. आणि मग येतो तो क्षण ज्याला सगळे घाबरतात, हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खाली गेल्यासारखं वाटतं.

माझ्या काकूंनी इथेच माझा हात धरला होता, असा धरला होता की बांगडी रुतली. "अगं, बंद पडलं का गं? खाली चाललंय हे!" मी म्हटलं नाही हो काकू, आवाज कमी होणार म्हणून सांगितलं होतं ना मी रिक्षात, तो हाच. टेकऑफला लागते तेवढी ताकद आता लागत नाही म्हणून पायलट ती कमी करतात, विमान चढतच असतं, फक्त पहिल्याइतक्या जोरात नाही, आणि आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ते "खाली चाललो" असं वाटतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबायला लागली की पोटात हलकं होतं ना, तेच. काकूंनी डोळे मिटूनच विचारलं, "आणि आता हे टिंग काय वाजलं?" क्रूचे लोक एकमेकांना बोलावतात किंवा बेल्टच्या दिव्याचं असतं ते, दर टिंगला इमर्जन्सी नसते. मग त्या म्हणाल्या "बरं, पुढचा आवाज आधी सांग", आणि मी सांगत गेले.

इंजिन खरंच बंद पडलं तर? हा प्रश्न मनात येतोच. दोन इंजिनांचं विमान एकावर उडू शकतं, टेकऑफला एक गेलं तरी पुढे काय करायचं याची प्रॅक्टिस पायलट सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करतात. दोन्ही गेली तरी दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं. ऑगस्ट २००१ मध्ये कॅनडाच्या एका कंपनीच्या ए३३० चं इंधन अटलांटिकवर संपलं, दोन्ही इंजिनं बंद, तरी ते जवळजवळ १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि आतले ३०६ च्या ३०६ लोक वाचले.

हलायला लागलं की "एअर पॉकेट"मध्ये पडलो म्हणतात, पण हवेत खड्डाबिड्डा काही नसतो, हवेचे वर-खाली जाणारे प्रवाह असतात. शेकडो फूट पडलो असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा फरक थोड्याच फुटांचा असतो. खात्री करायची असेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर ठेवा आणि पाण्याच्या रेषेकडे बघा. तुम्हाला वाटत असतं जग उलटंपालटं होतंय आणि पाणी मात्र जरासं थरथरतं, फार तर इकडून तिकडे बोटभर कलतं. पंख वर-खाली हलताना दिसतात ते हलायलाच केलेले असतात, सर्टिफिकेट मिळायच्या आधी प्रवासात जास्तीत जास्त जेवढा ताण येईल असं धरतात त्याच्या दीडपट ताण त्यांना द्यावा लागतो. मे २०२५ मध्ये दिल्ली-श्रीनगर विमान गारपिटीत सापडलं, नाकाचा भाग फुटला, तरी सगळे सुखरूप उतरले. पण बेल्टच्या बाबतीत हयगय नको. मे २०२४ मध्ये लंडन-सिंगापूर विमान एकदम जोरात हललं तेव्हा बरेच जण जखमी झाले आणि एकजण गेला. दिवा बंद असला तरी बसलेलं असताना बेल्ट कमरेला घट्टच ठेवायचा, सैल नाही.

शरीराचं काय करायचं ते दोन-तीन गोष्टींत सांगते. भीती वाटली की आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, मग वाटतं हार्ट अटॅकच आला. "दीर्घ श्वास घ्या" असं सगळे सांगतात पण महत्त्व सोडण्याला आहे, चार मोजत नाकाने आत, सहा-सात मोजत हळूहळू बाहेर, पाच मिनिटं तरी. हँडल आवळून धरू नका, तळवे वर करून मांडीवर ठेवा. आणि एक जुनी ट्रिक, कागदावर डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या) स्वतःचं नाव-पत्ता लिहीत बसा, मेंदू त्यात इतका गुंततो की बाकी विचारांना जागा राहत नाही. पॅनिकची लाट वर चढते, साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते, तिला दाबायला गेलात की लांबते, त्यामुळे "आली, ये बाई, बस" असं म्हणून तिला बसू द्या. गुदमरेल असं वाटणाऱ्यांसाठी, आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडी वर, आणि तिथे आपण धापा टाकत का होईना पिठलं-भाकरी खाऊन येतोच की.

गोळीबद्दल. शेजारणीने दिलेली अर्धी गोळी घेऊ नका, कितीही "मला बाई मस्त झोप लागते" म्हणाली तरी. डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली असेल तर ठीक, ती पण आधी घरी एकदा घेऊन बघायची का हे त्यांनाच विचारा, आणि दारूबरोबर अजिबात नाही. भीती इतकी असेल की नोकरीतल्या ट्रिप, घरची लग्नं बुडतायत तर काउन्सेलरकडे जा, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि हळूहळू सवय लावण्याची पद्धत यावर चांगली चालते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

उतरताना कान दुखले तर गोळी-चॉकलेट चघळा, जांभया द्या. चाकं टेकल्यावर जो कान फाडणारा आवाज येतो तो ब्रेकिंगसाठी इंजिनाचा जोर उलटा वळवल्याचा, आणि कधी अगदी टेकता टेकता विमान परत वर गेलं तर तो गो-अराउंड, पायलटला काहीतरी पटलं नाही म्हणून परत फेरी, तेच बरोबर आहे. आणि घरी येऊन बॅग उघडायच्या आत पुढचं तिकीट बघा, दोन-तीन महिन्यांतलं. काकूंना नातीच्या बारशाला पुण्याहून बंगलोरला न्यायचं होतं म्हणून एवढं सगळं केलं, परतीचंही विमानाचंच काढलं होतं आम्ही, आणि त्यांनी मला न विचारता दिवाळीचं पण सुनेकडून बुक करून घेतलं. आईल सीट, पंखाजवळची.