जँगोच्या ओआरएममधून नोंदी कशा काढाव्यात

रावेर-यावल भागातील एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी पायथॉनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये हिशेबाची वेबसाइट करायची झाल्यास किमान दोन मॉडेल (डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन करणारे पायथॉन क्लास) लागतील: नाव आणि गाव असलेले ‘शेतकरी’, आणि तारीख, क्विंटलमधील वजन व भाव असलेले, फॉरेन कीने (दुसऱ्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फील्डने) शेतकऱ्याला जोडलेले ‘खेप’. ओआरएममुळे, म्हणजे मॉडेल आणि डेटाबेसमधील तक्ते यांची सांगड घालणाऱ्या जँगोच्या भागामुळे, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) हाताने लिहावे लागत नाही. मात्र आत कोणते एसक्यूएल तयार होते यावर लक्ष ठेवावेच लागते.

सुरुवात मॉडेलच्या ‘ऑब्जेक्ट्स’ या मॅनेजरपासून, म्हणजे नोंदी मागण्याच्या दारापासून, करावी. एकच नोंद हवी असेल तेथे ‘गेट’ वापरावे; पण नोंद सापडली नाही किंवा एकाहून अधिक सापडल्या, तर ते एरर देते. त्यामुळे आडनाव ‘पाटील’ अशी अट घालून गेट चालवण्याचे धाडस निदान खानदेशात तरी कोणी करू नये. अनेक नोंदींसाठी ‘फिल्टर’ आहे. जोडलेल्या मॉडेलमधील फील्डवर अट घालायची असल्यास मध्ये दोन अंडरस्कोअर द्यावेत, जसे शेतकरी__गाव="सावदा". स्वल्पविरामाने दिलेल्या अटी सगळ्याच पूर्ण व्हाव्या लागतात. ‘किंवा’साठी क्यू ऑब्जेक्ट (एकेक अट गुंडाळून ठेवणारे Q) वापरावेत.

फिल्टर लिहिल्याबरोबर क्वेरी, म्हणजे नोंदींची मागणी, डेटाबेसकडे जात नाही. फिल्टरमधून मिळणाऱ्या क्वेरीसेटवर लूप फिरवला किंवा त्याची लिस्ट केली की मगच ती जाते. म्हणून एकापुढे एक फिल्टर निर्धास्तपणे जोडावेत.

खरी गोम यादी दाखवताना कळते. पानावर ३०० खेपा असतील आणि प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचे नाव छापायचे असेल, तर खेपांची एक आणि नावांच्या ३०० अशा ३०१ क्वेरी जातात. चाचणीच्या चार-दोन नोंदींवर हे लक्षातही येत नाही. हंगामात पान रखडू लागते. येथे ‘सिलेक्ट रिलेटेड’ला (select_related) शेतकरी हे फील्ड द्यावे, म्हणजे दोन्ही तक्ते जोडले जाऊन (जॉइन) एकाच क्वेरीत काम भागते. उलट, प्रत्येक शेतकऱ्याच्या खेपा हव्या असल्यास ‘प्रीफेच रिलेटेड’ (prefetch_related) घ्यावे. ते दोन क्वेरी करून जुळणी पायथॉनमध्ये करते. मात्र पुढे लूपमध्ये त्या खेपांवर पुन्हा फिल्टर लावला, तर आणलेल्या नोंदी वाया जातात आणि दर वेळी नवी क्वेरी जाते.

गावनिहाय रकमेसाठी आधी ‘व्हॅल्यूज’मध्ये गाव द्यावे आणि मग ‘अ‍ॅनोटेट’मध्ये वजन गुणिले भाव यांची ‘सम’ घ्यावी. गुणाकारासाठी दोन्ही फील्ड एफ एक्स्प्रेशनने (फील्डचे डेटाबेसमधील मूल्य दर्शवणाऱ्या F ने) लिहावीत. दोन्ही डेसिमल प्रकारचीच ठेवावीत; डेसिमल आणि फ्लोट मिसळल्यास उत्तराचा प्रकार वेगळा सांगावा लागतो.

शेवटी क्वेरीसेटचे ‘क्वेरी’ हे अ‍ॅट्रिब्यूट प्रिंट करून तयार झालेले एसक्यूएल वाचावे, आणि सेटिंग्जमध्ये डीबग सुरू ठेवून ‘कनेक्शन’मधील ‘क्वेरीज’ची संख्या मोजावी.