फॅन-भक्तीचे फोटो काढायला निघालायत? जरा थांबा

कॅमेरा चालवता येतो असं धरून चालते. एकदा डोक्यात बसलं ना की स्टारची भक्ती म्हणजे आजचा धर्म, की डोळे फक्त देवळातल्या गोष्टी शोधतात. मेणबत्त्या, जोडलेले हात, कटआउटवर ओतलेलं दूध, छातीवर गोंदलेला चेहरा. रात्री एडिटला बसलं की कळतं, हे फोटो सगळ्यांनी आधीच बघितलेत आणि वर त्यातला माणूस येडा दिसतोय. मी यात बरेच महिने अडकले होते आणि खरं सांगायचं तर अजून पाय घसरतोच. वाइड लेन्स तोंडाशी नेऊन रडणारा चेहरा काढला की लाइक्स मिळतात, त्या माणसाबद्दल मात्र काहीच कळत नाही.

त्यापेक्षा रिवाज बघा. 2 नोव्हेंबरला मन्नतबाहेर शाहरुखसाठी गर्दी होते तिथे जोडायला हात मोकळेच नसतात, प्रत्येक हातात फोन, आणि एखादा घरी व्हिडिओ कॉल लावून गेट दाखवत असतो, घरच्यांनाही दर्शन व्हावं म्हणून. तो हात काढा, गेट नको. अमेरिकेत मेम्फिसला गायक एल्विस प्रेस्लीच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे 15 ऑगस्टला, त्याच्या ग्रेसलँड या घराच्या गेटपासून कबरीपर्यंत लोक मेणबत्त्या घेऊन रांगेने जातात, पण ती ज्योत कबरीपाशी तेवणाऱ्या दिव्यावरून आणलेली असते. हे माहीत नसेल तर तुम्हाला नुसती मेणबत्तीच दिसणार. अर्जेंटिनातल्या रोझारिओत 1998 मध्ये फॅन्सनी सुरू केलेलं फुटबॉलपटू मॅराडोनाचं चर्च त्याच्या जन्मापासून, म्हणजे 1960 पासून, वर्षं मोजतं. थट्टा आणि श्रद्धा एकाच वेळी चालू असते आणि एका फ्रेममध्ये दोन्ही पकडणं खरंच अवघड आहे, लगेच नाही जमलं तर टेन्शन घेऊ नका.

वर्कशॉपमध्ये कोणी नुसतं 'इमोशन पकडा' म्हणालं तर फी परत मागा. आणि ब्लॅक अँड व्हाइट केलं की आपोआप भक्ती दिसते हा आळशी शॉर्टकट आहे, रंग ठेवा, फॅनचे टी-शर्ट भडकच असतात.

गर्दीत मात्र मधे घुसू नका, कडेला राहा, चेंगराचेंगरी कधी होईल सांगता येत नाही. बाकी घाबरायचं कारण नाही, फॅन लोक बोलके असतात, कलेक्शन बघायला घरी बोलावतात. फक्त फोटो पाठवते म्हणालात तर पाठवाच, नाहीतर त्यांच्या ग्रुपवर नाव फिरतं आणि पुढच्या वर्षी कुणी उभंपण करत नाही.