दोन्हीकडून दलाली घेता? मग या चुका टाळा

"मालक ९५ लाख म्हणतायत, पण ९० ला सोडतील. मी बोलतो." रीसेलचा फ्लॅट दाखवून लिफ्टने खाली येताना एजंटच्या तोंडून हे वाक्य सर्रास निघतं. ९० चा आकडा मालकाने अडचण सांगून विश्वासाने दिलेला असतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याची पद्धत आहे आणि तीत गैर काही नाही. फक्त ती दोघांनाही पहिल्याच भेटीत सांगा आणि एकाचा आतला आकडा दुसऱ्याला कळू देऊ नका. खरेदीदाराने खोदून विचारलंच, तर "तुमची ऑफर द्या, मी जशीच्या तशी पोचवतो" एवढंच बोला.

आकडा तोंडातून गेलाच असेल, तर बैठकीआधी मालकाला फोन करून सांगा. तो चिडेल, कदाचित काम काढूनही घेईल. पण टोकन (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिल्यावर खरेदीदाराकडूनच त्याला कळलं, तर सोसायटीतलं पुढचं एकही घर तुमच्याकडे येणार नाही.

टोकन स्वतःच्या खात्यात घेणं ही दुसरी घोडचूक. चेक विक्रेत्याच्या नावाने घ्या आणि सौदा फिसकटला तर पैसे किती दिवसांत परत, हे पावतीवरच लिहा. तोंडी ठरलेलं कोणालाच आठवत नाही.

बिल्डरचा नोंदणीकृत प्रकल्प विकायचा तर महारेराची (राज्याच्या घरबांधणी क्षेत्रावर लक्ष ठेवणाऱ्या नियामक संस्थेची) एजंट नोंदणी लागतेच. ती नसेल तर रोज १०,००० रुपये दंड, आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज २० टक्के भरा, नाहीतर रेट वाढेल" असं ग्राहकाला सांगणारा एजंट बिल्डरचा वसुली माणूस झाला!

मालक आपला जुना फ्लॅट विकतो तिथे ही नोंदणी लागत नाही, आणि लपवाछपवी तिथेच फार. बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग का, हे तुम्हाला ठाऊक असतं. ओल आहे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, सोसायटीची थकबाकी आहे, हे टोकनआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. मालक नको म्हणाला तर ते घर दाखवूच नका.

भाड्याच्या घरात "नोटरी करून टाकू, नोंदणीचा खर्च वाचेल" हा सल्ला घरमालकाच्याच गळ्यात येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांचा करारही यातून सुटत नाही.