कंटेनर परत पाठवताना कस्टमचा कागद अडला, तर

जहाजाचा कट-ऑफ (कंटेनर आणि कागद स्वीकारण्याची शेवटची वेळ) संध्याकाळी सहाचा असतो आणि दुपारी दोनला फोन येतो, "सिस्टीममध्ये हा कंटेनर नंबरच सापडत नाही." न्हावा शेवात डॉक्युमेंटेशनचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फोन घेतलेला आहे. अशा वेळी पहिली धाव कस्टम हाउसकडे घेऊ नका. आधी चूक नेमकी कुठल्या कागदावर आहे ते शोधा. तेवढं कळलं की अर्धी लढाई संपते.

मुळात अडतं काय, ते बघू. परदेशी कंटेनर आला की आतल्या मालाचा हिशेब वेगळा आणि पेटीचा, म्हणजे रिकाम्या कंटेनरचा, वेगळा. पेटीवरची ड्युटी कस्टमच्या अधिसूचनेने (मूळची १६ मार्च १९९४ ची १०४/९४) माफ आहे, पण अटीवर. सहा महिन्यांत ती देशाबाहेर गेली पाहिजे, तसा बाँड (कस्टमला दिलेलं लेखी हमीपत्र) लिहून द्यायचा आणि ती गेल्याचा पुरावाही द्यायचा. नाही गेली तर ड्युटी भरायची. शिपिंग लाइनच्या पेटीचा बाँड लाइन किंवा तिचा एजंट भरतो. पेटी तुमच्या मालकीची असेल तर ही जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

नंबर सापडत नसेल तर तो पेटीवरून घ्या, कागदावरून नाही. यार्डातल्या माणसाला पेटीच्या दाराचा फोटो पाठवायला सांगा, नंबर तिथे लिहिलेला असतो. चार अक्षरं (साध्या कंटेनरला चौथं अक्षर यू), सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक अंक. तो शेवटचा अंक तपासणीसाठीच असतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. किमती आणि अंक क्रमाने १, २, ४, ८ असे दुपटीने वाढवत गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचं, उरलेली बाकी म्हणजे तो अंक. बाकी १० आली तर ० धरायचा. सीएसक्यूयू ३०५४३८ घ्या: बेरीज ६१८५, बाकी ३. आता टाइप करताना ३०५ चं ३५० झालं, तर बेरीज ६०२५ आणि बाकी ८. दारावर ३ आहे, म्हणजे चूक टायपिंगची.

माझ्याकडे एकदा अशाच उलटलेल्या दोन अंकांमुळे पेटी यार्डात अडकली होती. आम्ही तीन तास बाँडची फाइल चाळत बसलो. दाराचा फोटो मागवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून फोटो आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही.

मग चुकीचा कागद ओळखा. आयात होताना आयजीएममध्ये (जहाजातून आलेल्या मालाची कस्टमला दिलेली यादी) चुकलं असेल तर दुरुस्ती कस्टम कायद्याच्या कलम ३० खाली, बाहेर जातानाच्या ईजीएममध्ये (तशीच निर्यातीची यादी) असेल तर कलम ४१ खाली. दोन्हीकडे अधिकारी एकच गोष्ट बघतो: फसवणुकीचा हेतू नव्हता ना. म्हणून अर्ज एका पानाचा ठेवा. चुकीचा नंबर, बरोबर नंबर, चूक कशी झाली, एवढंच लिहा. सोबत दाराचा फोटो, बिल ऑफ लॅडिंग (माल जहाजावर घेतल्याची शिपिंग लाइनची पावती) आणि गेटवरची पावती जोडा. शिपिंग बिलातली (निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदातली) दुरुस्ती कलम १४९ ची. माल निघून गेल्यावर ती मागायची असेल, तर निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेलाच कागद पुरावा म्हणून चालतो. नंतर बनवलेलं पत्र तिथे कामाचं नाही.

सहा महिने संपत आले असतील तर मुदतवाढ मागा. ती देण्याचा अधिकार असिस्टंट कमिशनरला आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. दिवस आयातीच्या तारखेपासून मोजा, पेटी रिकामी झाली त्या दिवसापासून नाही. इथेच पुष्कळ लोक फसतात. मुदत संपायच्या महिनाभर आधी अर्ज टाकला तर तुमच्याकडे विनंती म्हणून बघतात, संपल्यावर टाकला तर चूक म्हणून. पाचव्या महिन्यात कॅलेंडरवर खूण करा.

माल कोणी सोडवून नेत नाही म्हणून पेटी अडकली असेल, तर मालाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. माल सीएफएसच्या (बंदराजवळचं कंटेनर भरण्या-रिकामे करण्याचं ठिकाण) गोदामात उतरवून पेटी मोकळी करायची परवानगी मागा. मालाचं पुढे काय व्हायचं ते होईल, पेटीचे दिवस तोवर वाया जायला नकोत.

पेटी एका बंदरात उतरून दुसऱ्याच बंदरातून बाहेर गेली असेल, उदाहरणार्थ न्हावा शेवाला आली आणि मुंद्राहून गेली, तर तिथला पुरावा आपोआप तुमच्या बाँडपर्यंत पोहोचेल या भरवशावर राहू नका. जहाज सुटलं की त्याच आठवड्यात ईजीएमची प्रत मागवा, बाँड असलेल्या कस्टम हाउसमध्ये जमा करा आणि पोच घ्या. दोन वर्षांनी नोटीस आली, की फाइलमधून काढून दाखवायला हाच कागद लागतो.